एका केसातला पुरावा

आल्फ्रेड स्टॉक यांना आपल्या आजाराचे नाव १९२४ साली सापडले. तोवर कित्येक वर्षे ते डोकेदुखीने, चक्करीने आणि सततच्या सर्दीने बेजार झाले होते. त्याहून भयंकर होता तो स्मृतिभ्रंश. वहीत पाहिलेला फोनचा क्रमांक यंत्रापर्यंत पोहोचेतो पुसला जाई आणि नुकत्याच वाचलेल्या पुस्तकातले काही आठवत नसे. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म रसायन संस्थेतला हा नामांकित रसायनशास्त्रज्ञ स्वतःच्याच बुद्धीला पारखा होत चालला होता. हवा लागताच पेट घेणारी बोरॉन आणि सिलिकॉनची संयुगे हाताळण्यासाठी त्यांनी काचेची एक अप्रतिम निर्वात यंत्रणा उभारली होती. तिच्या झडपा पाऱ्याच्या होत्या. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेच्या हवेत पाऱ्याची अदृश्य वाफ पसरत राहिली आणि स्टॉक व त्यांचे सहकारी ती श्वासावाटे घेत राहिले.

१९२६ साली त्यांनी आपली सारी लक्षणे जाहीर केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना सावध केले. पण सावध करून भागणार नव्हते. हवेत, लघवीत, शरीरात पारा किती आहे हे दाखवता आले नाही, तर विश्वास कोण ठेवणार? स्टॉक यांनी या नव्या कामाला स्वतःला वाहून घेतले. नमुन्यातला पारा ते तांब्याच्या तारेवर गोळा करत, तापवून एका केशनलिकेत उतरवत, आणि जमलेल्या सूक्ष्म थेंबाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. व्यासावरून आकारमान, आकारमानावरून वजन! विषाने थकलेल्या माणसाने त्याच विषाचे थेंब डोळ्यांत तेल घालून मोजावेत, याला चिकाटीखेरीज दुसरे नाव नाही. मात्र ही पद्धत स्टॉक यांच्यासारख्या सिद्धहस्त माणसाच्या हातीच चालणारी होती. शेकडो माणसांचे नमुने तपासायचे तर वेगळी वाट शोधणे भाग होते.

ती वाट निघाली ऑस्ट्रेलियात, एका बागेतून.

मेलबर्नच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत ॲलन वॉल्श नावाचे इंग्लंडहून आलेले भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. धातूंचे पृथक्करण हा त्यांचा विषय. तेव्हाची रीत अशी होती की नमुना ज्योतीत किंवा विजेच्या ठिणगीत तापवायचा आणि त्यातून बाहेर पडणारा प्रकाश मोजायचा. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडते. पण तापमान जरा हलले की प्रकाशही हलतो, शेजारची मूलद्रव्ये त्यात लुडबुड करतात, आणि आकडे भरवशाचे राहत नाहीत. वॉल्श या अडचणीशी वर्षानुवर्षे झुंजत होते. १९५२ च्या मार्च महिन्यात एका रविवारी सकाळी ते घरच्या बागेत काम करत असताना विचार अचानक उलटा फिरला. अणूंनी सोडलेला प्रकाश मोजण्याऐवजी त्यांनी गिळलेला प्रकाश मोजला तर? किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी हायडेलबर्गमध्ये सुमारे शतकापूर्वीच दाखवून दिले होते की जो रंग अणू सोडतो, नेमका तोच तो शोषूनही घेतो. सूर्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषांचे रहस्य त्यांनी यावरूनच उलगडले होते. एवढे मोठे सत्य पाठ्यपुस्तकात पडून होते आणि रोजच्या पृथक्करणासाठी त्याचा उपयोग करण्याचे कोणाला सुचले नव्हते.

वॉल्श यांनी तडक सहकाऱ्याला फोन लावला. आपण इतकी वर्षे भलतीच गोष्ट मोजत होतो, असे ते उत्तेजित स्वरात म्हणाले. सोमवारी सकाळच्या चहाच्या वेळेपर्यंत सोडियमच्या दिव्यासमोर ज्योत पेटली होती. ज्योतीत सोडियमचे द्रावण फवारताच दिव्याचा प्रकाश मंदावला आणि कल्पना खरी ठरली.

त्यानंतरची वर्षे मात्र कसोटीची होती. १९५४ साली मेलबर्नच्या एका प्रदर्शनात त्यांनी हे उपकरण मांडले, पण कोणी फारशी दखल घेतली नाही. प्रत्येक मूलद्रव्यासाठी त्याच धातूचा वेगळा दिवा लागत असे, आणि ते दिवे टिकाऊ बनवणे हीच एक तपश्चर्या होती. १९५५ साली त्यांचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला, तरी उपकरणे बनवणारे उद्योग कित्येक वर्षे थंडच राहिले. वॉल्श देशोदेशी फिरून पटवत राहिले. आज अणुशोषण वर्णपटमापन या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत रुजली, ती त्यांच्या या हट्टामुळे.

ऑस्ट्रेलियात वॉल्श उंबरठे झिजवत असताना जपानच्या दक्षिण भागातल्या किनाऱ्यावर एक अरिष्ट आकार घेत होते. मिनामाता या गावी मांजरे वेडीवाकडी नाचत समुद्रात पडू लागली. मग माणसांची पाळी आली. हातपाय बधिर झाले, चाल लटपटू लागली, जीभ अडखळू लागली, नजरेचा परीघ आवळत गेला. १ मे १९५६ रोजी चिस्सो कंपनीच्या कारखान्यातल्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी रोगाची आरोग्य कार्यालयाला वर्दी दिली. कुमामोतो विद्यापीठाचे संशोधक कारणाच्या मागे लागले. आधी मँगॅनीजवर संशय गेला, मग सेलेनियमवर, मग थॅलियमवर. तीनही वाटा खुंटल्या. अखेर इंग्लंडमध्ये बियाण्याची पारायुक्त औषधे बनवणाऱ्या कामगारांवरचा १९४० सालचा एक जुना अहवाल लक्षणांशी तंतोतंत जुळला, आणि जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले.

पुरावा म्हणून संशोधकांनी समुद्राचा गाळ तपासला, मासे तपासले, आणि माणसांचे केसही. एका रुग्णाच्या केसांत दहा लाख भागांत ७०५ भाग, म्हणजे ७०५ पीपीएम पारा निघाला. दूषित भागाबाहेरच्या माणसांच्या केसांत तो चारच्या आसपास होता. पुढे किनाऱ्यावरच्या गावांतून केस गोळा करण्यात आले, तेव्हा गोशोउरा बेटावरच्या एका स्त्रीच्या केसांत ९२० चा आकडा आला. केस काहीतरी सांगत होते, पण त्यांची भाषा अजून पुरती वाचता येत नव्हती. पारा तेव्हा रंग बदलणाऱ्या रसायनाने मोजत. त्यासाठी मूठभर केस लागत आणि वेळही भरपूर जाई. दरम्यान चिस्सोच्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी समुद्रात जातच होते. होसोकावांनी गुपचूप केलेल्या प्रयोगात कारखान्याचे सांडपाणी पाजलेले ४०० क्रमांकाचे मांजर ऑक्टोबर १९५९ मध्ये आचके देऊ लागले. कंपनीने ही गोष्ट दडपली. सरकारने सत्य मान्य केले ते थेट सप्टेंबर १९६८ मध्ये.

पुढचा धागा काळ्या समुद्राच्या काठी सापडला, आणि तोही योगायोगाने. १९६० नंतरच्या काही वर्षांत सोव्हिएत संघातल्या ओडेसा शहरी पोलुएक्तोव आणि त्यांचे सहकारी वॉल्श यांच्या पद्धतीने पारा मोजत होते. एकदा ज्योतीत फवारण्याआधी त्यांनी द्रावणात कथिलाचा क्षार मिसळला, आणि संकेत कित्येक पटींनी उसळला. असे का व्हावे? कथिलाच्या क्षाराने पाऱ्याची संयुगे मोडून शुद्ध पारा मोकळा होत होता. पारा हा एकच असा धातू आहे की ज्याचे अणू साध्या खोलीच्या तापमानाला सुटे होऊन हवेत तरंगतात. मग ज्योत हवीच कशाला? त्यांनी ज्योत विझवली. द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडायचे, त्यांच्याबरोबर निघालेली पाऱ्याची थंड वाफ काचेच्या नळीत न्यायची, आणि तीतून २५३.७ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा अतिनील प्रकाश पाठवायचा. जेवढा प्रकाश हरवला, तेवढा पारा!

१९६८ साली हॅच आणि ऑट या अमेरिकी संशोधकांनी हीच युक्ती सुटसुटीत करून मांडली आणि ती झपाट्याने पसरली. तरी केसांच्या बाबतीत दोन पेच उरलेच होते. एक तर केस तीव्र आम्लात उकळून विरघळवायचे, तर त्या उष्णतेत थोडा पारा उडून जाई, शिवाय रसायनांतला आणि प्रयोगशाळेच्या हवेतला पारा नमुन्यात शिरे. दुसरा पेच अधिक खोल होता. केसांतला पारा आतून आला की बाहेरून चिकटला? अन्नातून आलेला मेथिलपारा, म्हणजे मिनामातातला तोच सेंद्रिय पारा, रक्तावाटे केसाच्या मुळाशी पोहोचतो आणि तिथे तयार होणाऱ्या केसात कायमचा बांधला जातो. हवेतली वाफ मात्र केसावर वरून बसते. दोन्ही एकत्र मोजले तर निष्कर्ष चुकणार.

हा पेच लास्लो मागोश यांनी सोडवला. मूळचे हंगेरीचे मागोश इंग्लंडमधल्या कारशाल्टन इथल्या विषविज्ञान केंद्रात काम करत होते. त्यांनी आम्लाचा नाद सोडून नमुना अल्कलीत विरघळवला. कथिलाचा क्षार एकटा घातला तर फक्त असेंद्रिय पारा मोकळा होतो. त्याला कॅडमियमच्या क्षाराची जोड दिली तर मेथिलपाऱ्यासह सगळाच पारा बाहेर येतो. दोन मापांतली वजाबाकी म्हणजे मेथिलपारा. किती साधे, किती देखणे! १९७१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याची अत्यंत निकडीची गरज काही महिन्यांतच भासणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इराकमधल्या बसरा बंदरात धान्याची जहाजे लागत होती. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने मेक्सिकन गव्हाचे आणि बार्लीचे बियाणे मागवले होते, एकूण सुमारे ९५ हजार टन. बुरशी लागू नये म्हणून त्याला मेथिलपाऱ्याचे औषध चोळलेले होते, आणि ओळखू यावे म्हणून लालसर रंग दिलेला होता. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत होत्या. त्यात बियाणे खेड्यापाड्यांत पोहोचले तेव्हा बहुतेक ठिकाणची पेरणी उरकली होती. घरात धान्य नव्हते आणि दारात टपोरा गहू येऊन पडला होता. काहींनी आधी तो कोंबड्यांना, गुरांना घालून पाहिला. काही झाले नाही. काहींनी धुऊन पाहिला. रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि विषही गेले असे वाटले. मग घरोघरी त्याच्या रोट्या भाजल्या गेल्या. या विषाची क्रूर बाब ही की ते लगेच बोलत नाही. कित्येक आठवडे माणसे धडधाकट राहिली. डिसेंबरअखेर रुग्णालये भरू लागली. ६५३० माणसे दाखल झाली, त्यांपैकी ४५९ रुग्णालयातच दगावली. खेड्यांत घरीच मेलेल्यांची गणती यात नाही. धास्तावलेल्या शेतकऱ्यांनी उरलेला गहू नदीत ओतला.

बगदाद विद्यापीठातले डॉ. फरहान बाकिर, डॉ. सादून दमलूजी आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. लमान अमीन-झाकी रुग्णांच्या लोंढ्याला तोंड देत होते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे टॉमस क्लार्कसन आपल्या चमूसह त्यांच्या मदतीला आले. प्रश्न दोन होते. या माणसांना वाचवायचे कसे? आणि किती विष पोटात गेल्यावर किती हानी होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मानवजातीने मिनामातात गमावले होते, कारण तिथे वेळेवर मोजणी झालीच नव्हती. इराकमध्येही ते निसटण्याची वेळ आली होती. रक्त तपासले तर आजचा आकडा कळतो, पण शरीरातला मेथिलपारा दोनेक महिन्यांत निम्म्यावर येतो. ज्या दिवसांत रोट्या खाल्ल्या गेल्या, त्या दिवसांचे रक्त कोण आणून देणार? विष खाल्ले तेव्हा पोटात बाळ होते अशा स्त्रियांचा प्रश्न तर जीवघेणा होता. आईला लक्षणे नाहीत किंवा अगदी सौम्य आहेत, आणि बाळाच्या मेंदूला मात्र इजा झाली आहे, असे दिसू लागले होते.

आणि इथेच केस मदतीला आला. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्याच्या मुळाशी रक्तातला मेथिलपारा सुमारे अडीचशे पट सांद्र होऊन बांधला जातो, आणि केस कातडीबाहेर आला की ती नोंद बदलत नाही. माणसाच्या नकळत त्याच्या डोक्यावर लिहिली जाणारी ही रोजकीर्दच होती. इराकी खेड्यांतल्या स्त्रियांचे केस लांबसडक. एका बटेत दोन-दोन वर्षांचा हिशेब लिहिलेला होता.

संशोधकांनी बटा मुळापासून टोकापर्यंत सरळ रेषेत जुळवल्या, सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे कापले, आणि प्रत्येक तुकडा वेगळा विरघळवून मागोश यांच्या पद्धतीने त्यातला पारा मोजला. तुकडे नखाएवढे आणि पारा एक ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजण्याइतका. प्रत्येक टप्प्यावर मळ, धूळ, हवा, भांडी यांच्याशी झगडा होता. तुकड्यांचे आकडे क्रमाने मांडले गेले आणि कागदावर एक डोंगर उभा राहिला. टोकाकडचे तुकडे जवळजवळ निर्मळ होते. मग त्या विषारी रोट्यांच्या महिन्यांत रेषा सरळ वर चढली, खाणे थांबले तेव्हापासून ती उतरू लागली आणि मुळाकडे येईतो खाली आली. माणसांनी सांगितलेल्या तारखांना केसांनी दुजोरा दिला. भूतकाळातले विष महिन्यावार मोजता येते हे सिद्ध झाले, आणि माझ्या मते साऱ्या कथेचा कळस हाच. बगदाद आणि रॉचेस्टरच्या चमूंचा संयुक्त अहवाल १९७३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी रॉचेस्टरच्या गटाने केसांतला पारा ज्योतीविना अणुशोषणाने मोजण्याची रीत तपशीलवार मांडली.

पण एक खोट उरली होती. बटेतले सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही केस विश्रांती घेत असतात, त्यांची वाढ थांबलेली असते. असे केस बटेत मिसळले की महिन्यांच्या सीमा पुसट होतात. उपाय एकच होता, एकाच केसाचे मापन! रॉचेस्टरच्या टाफ्ट टोरिबारा यांनी ते क्ष-किरणांच्या साहाय्याने साधले. केस न विरघळवता, न कापता त्याच्या लांबीवर क्ष-किरणांचा झोत पुढे पुढे सरकवायचा आणि पाऱ्याच्या अणूंनी परत सोडलेले किरण मोजायचे. १९८७ साली डेव्हिड मार्श आणि सहकाऱ्यांनी ८१ इराकी आया व त्यांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणात आईच्या केसातला पारा कुठवर चढला आणि मूल कधी चालू-बोलू लागले, यांचा थेट मेळ त्यात घातला होता. मेथिलपाऱ्याची सुरक्षित मर्यादा ठरवताना पुढे या आकड्यांचा आधार घेतला गेला.

या पद्धतीची सर्वांत करुण कसोटी मात्र एका रसायनशास्त्रज्ञ स्त्रीच्या केसांवर झाली. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. १४ ऑगस्ट १९९६ रोजी काम करताना डायमेथिलपाऱ्याचे काही थेंब त्यांच्या रबरी हातमोज्यावर सांडले. तेव्हाच्या सर्व नियमांप्रमाणे त्यांनी काळजी घेतली होती. तो हातमोजा या द्रवाला काही सेकंदांपलीकडे अडवू शकत नाही, हे तोवर कोणाला माहीतच नव्हते. पाच महिने त्या काम करत राहिल्या. जानेवारी १९९७ मध्ये चाल लटपटू लागली, बोलणे अडखळू लागले. रक्तात लिटरमागे ४००० मायक्रोग्रॅम पारा निघाला. उपचारांचा उपयोग झाला नाही, आणि ८ जून १९९७ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

विष एकदाच शिरले की वारंवार? दुसरा कुठला स्रोत होता का? सहकाऱ्यांच्या जिवाच्या दृष्टीने याचे उत्तर मिळणे अगत्याचे होते. रॉचेस्टरमध्ये त्यांचा एक केस लांबीभर तपासला गेला. ऑगस्टपर्यंत रेषा सपाट होती. अपघातानंतर सुमारे १७ दिवसांनी ती एकदम उसळली, ११०० पीपीएमपर्यंत गेली, आणि मग सावकाश उतरत राहिली. शिखर एकच होते आणि त्याची तारीख प्रयोगशाळेच्या वहीतल्या नोंदीशी जुळत होती. त्यानंतर अमेरिकेत या द्रवासाठीच्या हातमोज्यांच्या सूचना बदलल्या आणि त्याचा वापर शक्य तिथे टाळण्याचा सल्ला दिला गेला.

आज केस तपासणे खूप सोपे झाले आहे. काही मिलिग्रॅम केस यंत्रात ठेवले की ते तापून जळतात, सुटलेला पारा सोन्यावर पकडला जातो, पुन्हा मोकळा होतो, आणि ओडेसात वापरलेल्या त्याच अतिनील रेषेने काही मिनिटांत मोजला जातो. पाऱ्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतो इथे झाला. त्याला मिनामाताचेच नाव दिले आहे. भारताने तो जून २०१८ मध्ये मान्य केला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. केस सांगतो तो अन्नातून, मुख्यतः माशांतून आलेल्या मेथिलपाऱ्याचा हिशेब. कारखान्यात श्वासावाटे गेलेल्या वाफेसाठी लघवीची तपासणीच खरी. पण नदी, खाडी किंवा मासळी दूषित झाल्याची शंका असेल आणि आता रक्त तपासून उपयोग नाही, फार दिवस उलटले, असे उत्तर मिळाले, तर वाचकांनी तिथेच थांबू नये. डोक्याच्या मागच्या बाजूची एक लहानशी बट कातडीलगत कापून घ्यावी, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधावा म्हणजे दिशा चुकणार नाही, लिफाफ्यावर तारीख घालावी, आणि ती तपासून देण्याचा आग्रह धरावा.